शिट्टी, निळी क्रीज आणि तुमची पत्रं

आइस हॉकीचे प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने, सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी ऑफसाइड म्हणजे काय, आयसिंग कशाला म्हणतात, असं शांतपणे विचारणारी मंडळी 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणून पानंच्या पानं लिहितात. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत: गोलरक्षकाला केलेला अडथळा. म्हणून आज दुसरा विषय घेत नाही.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की एडमंटनजवळच्या रिंकांवर मुलामुलींच्या सामन्यांत मी १७ वर्षं पंच म्हणून उभी राहते आहे. त्याआधी थोरल्या लेकीच्या पॅडचे पट्टे बांधायला ड्रेसिंग रूममध्ये असायचे; ती गोलरक्षक होती. गोल नाकारला गेला की काय वाटतं आणि तो नाकारताना काय वाटतं, दोन्ही मला ठाऊक आहे.

प्रश्न: ताई, आम्ही बॉस्टनचे. २०२४ मध्ये दुसऱ्या फेरीच्या चौथ्या सामन्यात फ्लोरिडाच्या सॅम बेनेटने आमच्या चार्ली कॉइलला ढकललं, कॉइल आमच्याच गोलरक्षकावर गेला आणि बेनेटने गोल केला. आमच्या प्रशिक्षकाने व्हिडिओ बघायची दाद मागूनही गोल कायम राहिला. आमच्या घरी अजून यावर वाद होतो. यजमान म्हणतात, नियमच तसा आहे. खरंच तसा आहे का?

नाही. नियम तुमच्या बाजूने बोलतो. निकाल तुमच्या बाजूने लागला नाही, ही गोष्ट वेगळी.

एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगच्या) नियमपुस्तकात ६९ वा नियम गोलरक्षकाच्या अडथळ्याचा आहे. त्याचा गाभा असा: गोलरक्षकाला त्याच्या क्रीजमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या निळ्या रंगवलेल्या जागेत, मोकळेपणाने हालचाल करता आली पाहिजे. हल्ला करणाऱ्या खेळाडूने नुसतं तिथे उभं राहून किंवा धक्का देऊन ती हालचाल रोखली आणि गोल झाला, तर तो धरायचा नाही. मुद्दाम धडक दिली असेल, तर ती क्रीजच्या आत असो वा बाहेर, गोल नाही. क्रीजबाहेर ओघात स्पर्श झाला आणि खेळाडूने तो टाळायचा प्रामाणिक प्रयत्न केला असेल, तर गोल धरायचा. तुमच्या प्रश्नाला लागू पडणारं कलम पुढे येतं. हल्ला करणाऱ्याने बचाव करणाऱ्या खेळाडूला ढकलून त्याच्याच गोलरक्षकावर घातलं, तर तो धक्का ढकलणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. बेनेटने कॉइलला रेटलं आणि कॉइल तुमच्या गोलरक्षकावर, जेरेमी स्वेमनवर, गेला, म्हणजे नियमाच्या नजरेत बेनेटच स्वेमनवर गेला.

मग गोल का राहिला? लीगने दिलेलं कारण नीट वाचा. ढकललं नाही, असं ते कुठेच म्हणत नाहीत. बेनेटचा धक्का आणि त्यातून झालेला स्पर्श यांमुळे स्वेमनला आपलं काम करण्यात अडथळा आला नाही, असं ते म्हणतात. म्हणजे पहिला प्रश्न (धक्का कोणाचा?) तुमच्या बाजूने सुटला होता. दुसऱ्या प्रश्नावर (त्याने काही बिघडलं का?) तुम्ही हरलात.

माझं मत विचाराल तर तो गोल नाकारायला हवा होता. मी ती फीत कितीतरी वेळा पाहिली आहे. आपल्या अंगावर आपलाच माणूस रेटला जात असताना उघड्या बाजूकडे सरकता येतं, असं म्हणणाऱ्याने एकदा पॅड बांधून त्या जागी उभं राहावं. स्वेमनला तो पक (खेळायची रबरी चकती) अडवता आलाच असता का? कदाचित नसता आला. पण नियम 'अडवला असता का' असं विचारत नाही. 'अडवायचा प्रयत्न मोकळेपणाने करता आला का' असं विचारतो.

आपल्याला पायचीतचा नियम लहानपणापासून माहीत आहे, म्हणून त्याचा आधार घेते. पायचीत देताना पंच न घडलेल्या गोष्टीचा निर्णय करतो: पाय मधे नसता, तर चेंडू यष्टीवर गेला असता का? इथेही न घडलेली गोष्टच तोलायची असते: धक्का बसला नसता, तर गोलरक्षक कुठे असता? फरक असा, की क्रिकेटमध्ये चेंडूचा पुढचा मार्ग काढायला यंत्र आहे. गोलरक्षक कुठे सरकला असता, हे सांगणारं यंत्र नाही. हा निर्णय कायम माणसाच्या अंदाजाचाच राहणार, आणि मला त्याची तक्रार नाही.

तक्रार कारणांची आहे. तुम्हाला त्या रात्री एका वाक्यात उत्तर मिळालं. बरोबर पाच दिवसांनी, १७ मे रोजी, डॅलस आणि कोलोरॅडोच्या सहाव्या सामन्यात ओव्हरटाईममध्ये डॅलसच्या मेसन मार्चमेंटने पक जाळ्यात घातला आणि तो गोल नाकारला गेला, कारण त्याचा साथीदार मॅट डुशेन क्रीजमध्ये होता आणि त्याने कोलोरॅडोचा गोलरक्षक गॉर्गिएव्ह याची हालचाल अडवली. डुशेनची कोलोरॅडोच्या केल मकारशी झटापट चालू होती, म्हणून डॅलसवालेही चिडले होते. मला तो निर्णय बरोबर वाटला. पुढे दुसऱ्या ओव्हरटाईममध्ये डुशेननेच गोल करून मालिका संपवली, त्यामुळे चर्चा विरली. पण बॉस्टनच्या प्रेक्षकाने या दोन फिती शेजारी ठेवल्या, तर त्याला काय समजावं? लीगने दोन्ही फिती घेऊन, इथे गोलरक्षकाचा पाय असा अडकला आणि तिथे नाही अडकला, असं दाखवून सांगायला हवं होतं. पटलं नसतं तरी कळलं असतं.

यजमानांना एक सांगा. पुढच्या वेळी अशी फीत पाहाल तेव्हा पककडे बघूच नका. पहिल्यांदा फक्त गोलरक्षकाचे स्केट्स बघा. दुसऱ्यांदा, धक्का आणि फटका यांच्यामध्ये त्याला सावरायला वेळ मिळाला का, ते बघा. तिसऱ्यांदा, धक्का कोणी सुरू केला ते बघा. पंचांच्या प्रशिक्षणात मला हे शिकायला दोन हंगाम लागले, कारण डोळे आपोआप पकमागे पळतात.

प्रश्न: २०१७ चं अनाहाइम विसरता येत नाही. अनाहाइमच्या केस्लरने एडमंटनचा गोलरक्षक टॅलबट याचं पॅड हाताने धरलं होतं, सगळ्या जगाने पाहिलं. तुम्ही तर एडमंटनच्याच! तुम्ही काय म्हणता?

मी एडमंटनची, म्हणून आधी सांगून ठेवते: त्या रात्री मी घरी सोफ्यावर बसून रडले होते. माझ्या उत्तरात तेवढं दुखणं मिसळलेलं आहे, ते वजा करून वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्या फेरीचा पाचवा सामना, ५ मे २०१७. आमचे ऑइलर्स ३-० ने पुढे. शेवटच्या सव्वातीन मिनिटांत अनाहाइमने तीन गोल केले. तिसरा, रिकार्ड राकेलचा, १५ सेकंद उरले असताना. त्या वेळी रायन केस्लर क्रीजमध्ये पडलेला होता आणि त्याचा हात कॅम टॅलबटच्या पॅडवर होता. व्हिडिओ पाहून गोल कायम केला. कारण दिलं ते असं, की केस्लरला आमच्या डार्नेल नर्सने क्रीजमध्ये ढकललं, म्हणून तो स्पर्श केस्लरने सुरू केलेला धरता येत नाही. दुसऱ्या ओव्हरटाईममध्ये कोरी पेरीने गोल केला आणि सामना गेला. मालिकाही पुढे सातव्या सामन्यात हातची गेली.

नर्सने ढकललं, हे खरं आहे. फीत पाहिली की नाकारता येत नाही. पण त्याच कलमाला एक अट जोडलेली आहे: ढकलला गेलेल्या खेळाडूने स्पर्श टाळायचा रास्त प्रयत्न केलेला असला पाहिजे. आत पडणं नर्समुळे झालं असेल. आत पडल्यावर पॅडवर हात ठेवून राहणं नर्समुळे झालं नाही. नियमाचा पहिला अर्धा भाग वाचला गेला आणि दुसरा अर्धा राहून गेला, असं मला आजही वाटतं.

या निकालातून मी माझ्या रिंकवरच्या बचावपटूंना एक गोष्ट सांगायला लागले, ती तुमच्या मुलांनाही सांगा. समोरच्याला आपल्याच गोलरक्षकावर ढकलू नका. त्याला बाहेर काढायचं असेल, तर बाहेरच्या दिशेला रेटा. आत रेटलंत की त्याला माफी तुम्हीच मिळवून देता.

प्रश्न: ताई, जुना नियम सोपा होता. क्रीजमध्ये पाय दिसला की गोल रद्द, वाद संपला. तोच परत का आणत नाहीत?

वाद संपला म्हणता? बफेलोमध्ये कोणालाही विचारा.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात नियम तसाच होता. पक आधी क्रीजमध्ये गेलेला नसताना हल्ला करणाऱ्याचा स्केट निळ्या रंगात असेल, तर गोल नाही. त्याने गोलरक्षकाला हात लावला नसला, तो कोपऱ्यात निवांत उभा असला, तरी नाही. कितीतरी चांगले गोल कोणाच्या तरी पायाच्या अंगठ्यापायी वाया जात होते. मग आला १९९९ चा स्टॅन्ली कपचा, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा, अंतिम सामना, मालिकेतला सहावा, बफेलोच्या घरच्या रिंकवर. तिसरा ओव्हरटाईम चालू होता. डॅलसच्या ब्रेट हलने बफेलोचा गोलरक्षक डॉमिनिक हाशेकसमोर रिबाउंड (आपटून परत आलेला पक) ओढून घेतला आणि जाळ्यात मारला. डॅलस २-१ ने जिंकलं, कप त्यांचा झाला, बर्फावर माणसं धावत सुटली. आणि हलचा डावा स्केट क्रीजमध्ये होता.

पकवर हलचा ताबा सलग होता, म्हणून गोल वैध, असं लीगने सांगितलं. ते कारण नियमात बसवता येतं. पण हंगामभर अंगठ्याएवढ्या चुकीवर गोल काढून घेतलेल्या प्रेक्षकाला ते कसं पटावं? बफेलोने आजवर एकदाही कप जिंकलेला नाही. 'नो गोल' हे दोन शब्द तिथे अजून घरोघरी बोलले जातात. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी तो नियम गेला.

म्हणजे रेघेचा नियमसुद्धा कारणांवाचून चालत नाही. आणि क्रीज काही छोटी नाही: आठ फूट रुंद, पुढे सहा फूट त्रिज्येचा कमानीसारखा भाग. सहा फुटी गोलसमोर एवढी जागा पूर्ण बंद केली, तर रिबाउंडसाठीची झटापट, म्हणजे हॉकीचा अर्धा जीव, संपून जाईल. आजच्या नियमात मोकळा पक समोर असताना गोलरक्षक आणि आक्रमक दोघेही त्याच्यासाठी झटत असतील, तर ओघात झालेला स्पर्श चालतो. ती सूट मला मोलाची वाटते. हा खेळ बघायला मी त्याच्यासाठीच बसते.

प्रश्न: गोलरक्षक क्रीज सोडून पक खेळायला बाहेर आला, की त्याला इतर खेळाडूंसारखं धडकता येतं ना?

नाही. क्रीजबाहेर आला म्हणून तो कोणाच्याही तावडीत सापडला, असं नियम मानत नाही. नाहक धडक दिली की पेनल्टी, म्हणजे खेळाडू काही मिनिटं बाहेर.

क्रीजच्या आत तर प्रश्नच येऊ नये. तरीही ५ मे २०२५ रोजी टोरांटोत फ्लोरिडाचा तोच बेनेट क्रीजमधून जाताना त्याचा हात टोरांटोचा गोलरक्षक अँथनी स्टोलार्झ याच्या डोक्याला लागला. पेनल्टी नाही, नंतर निलंबनही नाही. स्टोलार्झला सामना सोडावा लागला आणि त्या मालिकेत तो परत खेळला नाही. नाकारलेल्या गोलावर आपण महिनोन्महिने भांडतो; गोलरक्षकाच्या डोक्याला लागलेल्या माराबद्दल त्याच्या निम्म्यानेही बोलत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न: प्लेऑफमध्ये पंच शिट्टी खिशात ठेवतात, हे खरं ना? आणि एवढी खात्री असताना प्रशिक्षक दाद का मागत नाहीत?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. दाद मागायची सोय २०१५-१६ च्या हंगामात आली. तेव्हा फसली तर फक्त टाइमआउट जायचा. २०१९-२० पासून फसलेल्या दादेला दोन मिनिटांची पेनल्टी आहे, आणि त्याच सामन्यात दुसऱ्यांदा फसली तर चार मिनिटांची. गोल तर झालेलाच, वर एक खेळाडू कमी. बॉस्टनचं तेच झालं. शेवटच्या मिनिटात आणि ओव्हरटाईममध्ये प्रशिक्षकाला दाद मागताच येत नाही; तिथे लीग स्वतःहून पाहते. अंतिम शब्दही आता बर्फावरच्या पंचाचा नाही. मार्च २०१८ च्या अखेरीस तो टोरांटोच्या सिच्युएशन रूमकडे, म्हणजे लीगच्या व्हिडिओ बघणाऱ्या कक्षाकडे, गेला, जिथे निर्णयात माजी पंचाचाही सहभाग असतो. ही सुधारणा चांगलीच होती. धापा टाकणाऱ्या पंचाला हजारोंच्या आरडाओरड्यात छोट्या पडद्यावर स्वतःचीच चूक शोधायला लावणं मला कधीच पटलं नव्हतं.

ही सोय नव्हती तेव्हा काय व्हायचं, ते २०१४ च्या अंतिम फेरीत दिसलं. दुसऱ्या सामन्यात न्यूयॉर्क रेंजर्स ४-२ ने पुढे होते. लॉस एंजेलिसचा ड्वाइट किंग रेंजर्सचा गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट याच्या अंगावर असताना लॉस एंजेलिसचा तिसरा गोल झाला. गोल दिला गेला, आणि व्हिडिओ बघायची तरतूदच नव्हती. लॉस एंजेलिसने सामना दुसऱ्या ओव्हरटाईममध्ये जिंकला.

आता शिट्टी. मुद्दाम खिशात ठेवतात, असं मी म्हणणार नाही. पण शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी असली, की आपल्या हातून निकाल ठरू नये असं पंचाच्या मनात येतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे, तेही बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात. तो विचार चुकीचा आहे. न वाजवलेल्या शिट्टीनेही निकाल ठरतो. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या वेन ग्रेट्झकीची स्टिक टोरांटोच्या डग गिलमोरच्या तोंडाला लागली, पंच केरी फ्रेझर यांनी पेनल्टी दिली नाही, आणि थोड्याच वेळात ग्रेट्झकीनेच ओव्हरटाईमचा गोल केला. फ्रेझर यांनी ती चूक पुढे उघडपणे मान्य केली. पंच म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो, तो त्यामुळेच.

घाईने वाजवलेली शिट्टीही तितकीच महाग पडते. २०१७ च्या अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात नॅशव्हिलच्या कोल्टन सिसन्सने पक जाळ्यात घातला, पण पंचांना पक दिसेनासा झाला होता आणि शिट्टी वाजून गेली होती. पक गोलरक्षकाच्या मागे मोकळा पडला होता. शिट्टी झाली की खेळ थांबला. कोणताही व्हिडिओ तो गोल परत आणू शकत नाही. पिट्सबर्ग २-० ने जिंकलं आणि कप त्यांच्याकडे गेला. गोलरेषेच्या टोकाला उभं राहिलं, की गोलरक्षकाच्या पॅडखालचं खरंच दिसत नाही. मी आता मनात एक आकडा मोजते आणि मग शिट्टी तोंडाला लावते.

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे, गोलरक्षक आहे. परवा एक मुलगी तिच्या अंगावर येऊन पडली आणि गोल झाला. पंचांनी गोल दिला. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. मी प्रशिक्षकांना पत्र लिहू का?

पंचांविषयी पत्र लिहू नका. मुलीच्या सुरक्षिततेची काळजी असेल, तर प्रशिक्षकांशी जरूर बोला. पण तेही सामना संपल्यावर लगेच, ड्रेसिंग रूमच्या दारात नको. दुसऱ्या दिवशी.

तो पंच बहुधा १५-१६ वर्षांचा असेल. तिथे टोरांटो नाही, दुसरा कॅमेरा नाही. माझ्या तिसऱ्या हंगामात मी एक गोल दिला. नंतर एका वडिलांनी फोनवरची फीत माझ्या तोंडासमोर धरली. ते बरोबर होते. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी माझ्या सामन्यात गोलमध्ये होती. सराव चालू असताना मी तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "मागच्या वेळी मी चुकले. तुला ढकललं होतं, मला दिसलं नाही." तिने मास्क वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणून परत खाली ओढला.

मुलीला तीन गोष्टी शिकवा. पहिली: धक्का बसला तरी शिट्टी होईपर्यंत खेळायचं. हात वर करून पंचाकडे बघत बसली, तर पक आत जातो आणि पंचाला वाटतं, हिने सोडूनच दिलं. दुसरी: धक्का वाढवून दाखवायचा नाही. अंग टाकून दिलं, तर पेनल्टी तिलाच होऊ शकते. शिवाय पुढच्या वेळी खरं लागलं तरी विश्वास बसत नाही. तिसरी: रोज त्रास होत असेल, तर खेळ थांबलेला असताना तिच्या कॅप्टनने पंचाकडे जाऊन नीट शब्दांत सांगायचं, "ती १४ नंबरची क्रीजमध्ये येते आहे, जरा बघाल का?" असं कोणी सांगितलं, की पुढची पाच मिनिटं माझी नजर निळ्या रंगावरून हलत नाही.

जेवणाचं म्हणाल, तर तिला उपदेश करू नका. माझी लेक असं झालं की गप्प बसायची. मी बाजूला बसून तिचे ओले पॅड पुसायचे. अर्ध्या तासाने ती स्वतःच सांगायला लागायची, पक कुठून आला, पाय कुठे अडकला, सगळं. तुमच्या मुलीलाही जमिनीवर बसून ते करून दाखवू दे. तुम्ही आडव्या आलेल्या मुलीच्या जागी उभ्या राहा.